न पडलेली भिंत

आमच्या नेपरव्हिलच्या गल्लीत सकाळी एकदा हॉर्न वाजला की समजायचं, गजभिये काकांनी गाडी सुरू केली. दोनदा वाजला की गाडी पुढे निघाली. तीनदा वाजला की काका मागे येताहेत, ज्याला जीव प्यारा असेल त्याने बाजूला व्हावं. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा रागावून विचारलं, तेव्हा काकांनी त्यांना हा सगळा नियम शांतपणे समजावून सांगितला. आता त्या बाई हॉर्न ऐकून कुत्र्याला आत घेतात.

हा नियम खाणीतला. काका मूळचे नागपूरचे. आधी चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत होते, तिथून झांबियाला तांब्याच्या उघड्या खाणीवर गेले आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच राहिले. तिथे घराएवढे डंपर चालतात. डंपरच्या चाकाजवळ उभी असलेली जीप वरच्या ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून जीपला उंच काठी आणि काठीवर झेंडा. काकांच्या टोयोटालाही तसा केशरी झेंडा आहे. ओळखीचे लोक पाठीमागून हसतात. मीही हसायचो.

"हसा ना जी," काका म्हणायचे. "वरच्याला खालचा दिसत नाही, एवढंच ध्यानात ठेवा."

इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी काका गाडी उलटी लावत असले की मागे रांग लागते. खाणीत म्हणे पळायची वेळ आली तर तोंड बाहेरच्या बाजूला पाहिजे. आता तिथे भेंडी घ्यायला आलेल्या माणसाने कशापासून पळायचं आहे? पण काका घाई करत नाहीत. डिकी लावण्याआधी, गॅरेजचं दार खाली सोडण्याआधी, शिडीवरून हातोडी खाली देण्याआधी एकच प्रश्न: "खाली कोणी आहे का?" बर्फ पडला की ड्राइव्हवेच्या कडेला चाकाच्या निम्म्या उंचीचा बर्फाचा बांध घालतात, गाडी घसरून बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर म्हणजे लॉनवर.

दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, नवीन आलेली आयटीतली पोरं त्यांना घेरायची. "काका, आफ्रिकेत सिंह बघितला का?" काका म्हणायचे, "सिंहाचं सोडा, पाण्याचं सांगतो." आणि मग सुरू. जंगल आणि माणसाहून उंच वारुळं. तांबं दिसण्याआधी दोन वर्षं नुसती माती काढली. मग पायऱ्या पाडत पाडत खाली गेलो. खड्डा एवढा झाला, की वरून बघितलं तर डंपर मोहरीच्या दाण्याएवढे. पण पाऊस लागला की भिंतीच्या पोटात पाणी शिरतं, ते काढायचं कसं? इथपर्यंत पोरं पनीरच्या ट्रेकडे सरकलेली असायची. काकू गेल्या, ज्याच्यामागे इथे आले तो मुलगा सिअ‍ॅटलला. ऐकणारं माणूस हातात ताट घेऊन उभं आहे, यावरच काका खूश असायचे.

माझं वेगळं होतं. मी बार्शीहून आलो, दुसऱ्यांच्या भिंती रंगवल्या, आणि आज माझी स्वतःची बेसमेंट बांधणारी कंपनी आहे. मला कोणी फुकट काही दिलं नाही आणि मी कोणाकडून घेतलं नाही. प्रत्येक गोष्ट घासाघीस करून मिळवली. त्यामुळे मागच्या वर्षी काकांनी माझं काम बंद पाडलं, ते सहजी गिळणारा मी माणूस नाही.

काम माझ्याच घराचं होतं. वडिलांना व्हीलचेअर लागली होती आणि ते हिवाळ्याआधी इथे यायचे होते. पुढच्या दाराला पायऱ्या. म्हणून मागचं अंगण खोदून बेसमेंटला थेट बाहेरून दार करायचं ठरवलं. व्हीलचेअर गाडीतून उतरवली की सरळ खोलीत. थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबर सरला की, जमीन गोठते, त्याच्या आत काँक्रीट पडायला हवं होतं. घाई होती म्हणून काकांच्या कुंपणाच्या बाजूची माती मी सरळ उभी कापली. खोल खोदलं की मातीला उतार किंवा आधार द्यायचा, हा नियम मला माहीत होता. नियमात काय काय चालून जातं तेही माहीत होतं. घट्ट चिकणमाती होती, अशा कित्येक भिंती मी कापल्यात.

काका कुंपणाशी आले. खाली माझे दोन कामगार, मिगेल आणि त्याचा भाऊ.

"भाऊ, ही भिंत उभी काऊन ठेवली?"

"काका, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"तिला दिवस समजत नाहीत जी. उतार द्या."

"उतार द्यायला जागा कुठे आहे? पुढे तुमची हद्द."

"मग माझ्याकडून घ्या ना. कापा माझं लॉन. मी काय तिथे धान लावून राहिलो?"

इथे मला राग आला. फुकट जमीन देणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची कशी? आज देईल आणि उद्या मुलगा सिअ‍ॅटलहून वकिलाचं पत्र पाठवेल. आणि त्यांची जागा घ्यायची म्हणजे नवीन नकाशा, नवीन परमिट, तोवर जमीन गोठणार. मी म्हणालो, "काका, ही तुमची खाण नाही. माझं बॅकयार्ड आहे."

काका वळले. घरात गेले. थोड्या वेळाने हॉर्न वाजला. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदाही नाही. काकांनी गाडी लॉनवरून कुंपणापर्यंत आणली होती आणि हॉर्नवर हात दाबून बसले होते. मिगेल आणि त्याचा भाऊ काय झालं ते बघायला वर आले. ते दोघे वर येईपर्यंत काकांनी हात काढला नाही. मग माझ्यासमोर फोन काढून त्यांनी गावच्या बांधकाम इन्स्पेक्टरला बोलावलं.

"गजभिये," मी म्हणालो. काका म्हणालो नाही. "माझा बाप यायचा आहे त्या दारातून."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "आणि हे दोघे कोणाचे बाप आहेत तेही विचारलं मी त्यांना."

इन्स्पेक्टरने काम थांबवलं. उतार द्या नाहीतर आधार लावा, नवीन नकाशा आणा. नकाशा मंजूर होईस्तोवर जमीन दगड झाली. मी भिंतीवर ताडपत्री टाकली, भोवती जाळी लावली आणि वडिलांचं तिकीट कॅन्सल केलं. फोनवर ते म्हणाले, "असू दे रे, उन्हाळ्यात येतो." उन्हाळा यायच्या आत डॉक्टरांनी त्यांना प्रवासच बंद केला.

सगळा हिवाळा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती भिंत बघत होतो. तिने पडू नये एवढीच माझी इच्छा होती, आणि ती का, ते उघड होतं. बायको शैला म्हणायची, "जाऊन बोल ना त्यांच्याशी. म्हातारा माणूस आहे." मी म्हणायचो, "बोलणारच आहे. बर्फ वितळू दे." बर्फ वितळताना माती सुटते. त्यातूनही भिंत टिकली तर काकांकडे सांगायला काही उरणार नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ गेला. भिंत जशीच्या तशी उभी. मी एक वाक्य तयार केलं आणि त्यांच्या दारावर गेलो.

"जय भीम भाऊ, या ना," काका म्हणाले. लॅपटॉपसमोर बसले होते.

"काका, भिंत पडली नाही."

"नाही पडली," ते म्हणाले. "मीपण रोज बघून राहिलो होतो वरच्या खिडकीतून. मागच्या आठवड्यात पाऊस झाला तेव्हा तर झोपच नाही आली. बरं झालं. चुकलो मी."

'म्हणजे माझं काम तुम्ही उगाच बंद पाडलंत,' हे तयार केलेलं वाक्य म्हणायची वेळच आली नाही. समोरचा इतक्या लवकर भाव सोडतो तेव्हा माल खोटा असतो, असा माझा अनुभव आहे. मी उभाच राहिलो.

"वडील कधी येऊन राहिले?"

"नाही येणार आता. डॉक्टर नको म्हणतात."

काकांनी मान खाली घातली. समोरची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बसा."

मी बसलो. लॅपटॉपवर एक पांढरं चित्र होतं, नुसते ढग. त्यांच्या जुन्या खाणीचं उपग्रहावरून काढलेलं चित्र. दर थोड्या दिवसांनी नवीन येतं, फुकट बघता येतं.

"तिथल्या भिंतींची जबाबदारी माझ्याकडे होती," ते म्हणाले. "एका पावसाळ्यात उत्तरेची भिंत सरकून राहिली असं मला मापांवरून वाटलं. मी सगळी खाण रिकामी केली. शेवटचा माणूस वर आला आणि मग आम्ही सगळे काठावर उभं राहून बघत बसलो. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. बाहेरून तज्ज्ञ आले, ते म्हणाले मापं चुकली. लोक मला भित्रा म्हणाले. मला ऑफिसात टेबलाशी बसवलं, मग करार संपवला. त्या भिंतीखाली आजही काम चालू आहे."

"मग तुम्ही ती पडायची वाट बघताय?" मी विचारलं. मी बघितली असती.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोललो.

"खाली माणसं असतात ना जी," ते म्हणाले. "तिकडे नोव्हेंबरपासून पाऊस. चार-पाच महिने ढगच दिसतात. नेमकी भिंतीची परीक्षा तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच काही दिसत नाही. तुमची काकू होती तेव्हा ती म्हणायची, बंद करा तो लॅपटॉप. आता कोणी म्हणत नाही." त्यांनी एक बटण दाबलं. "आज नवीन चित्र आलं पाहिजे. मोतीबिंदूने मला बारीक काही दिसत नाही आता. तुम्ही बघता का?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चित्र वरून खाली हळूहळू उघडत गेलं. आधी हिरवं रान, मग लाल माती, मग एक प्रचंड वाटोळा खड्डा. ढग नव्हते.

"वरची बाजू बघा, ती उत्तर," काका म्हणाले. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. "पायऱ्या सरळ आहेत का? कुठे माती पसरल्यासारखी दिसते का?"

मी चष्मा नाकावर नीट बसवला. एका टोकापासून सुरुवात केली आणि एकेक पायरी बोट ठेवून बघत गेलो. लोकांच्या घराच्या भिंती मी अशा बघतो, भाव पाडण्यासाठी चीर शोधत. इथे चीर सापडू नये म्हणून बघत होतो. दुसऱ्या टोकाला पोचलो आणि पुन्हा उलटा आलो.

"सरळ आहेत काका. सगळ्या. उभी आहे भिंत."

"नक्की?"

"नक्की. मी भिंतींचंच काम करतो."

काकांनी हात टेबलावरून काढला आणि खुर्चीला टेकले. मुलाचा निकाल चांगला लागल्यावर बाप जसा दिसतो, तसे दिसत होते.

"म्हणजे याही वर्षी मीच चुकलो," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला उठले.