शत्रूचा नागरी सत्कार

कारगिलच्या वर्षी नगरपालिकेला वरून आदेश आला. युद्धसज्जतेची रंगीत तालीम म्हणून शत्रू सकाळी शहर ताब्यात घेईल, संध्याकाळी आपली फौज ते सोडवील. दरम्यान शत्रूस कोणतेही सहकार्य करू नये.

नगराध्यक्ष तातेरावांनी आदेश वाचला आणि देवाचे आभार मानले. नेमका त्याच दुपारी त्यांच्यावर अविश्वास ठराव होता. नगरसेवक विरोधी गटाचे नेते कारभारी यांनी केव्हाच फोडले होते. खुर्ची गेल्यात जमा होती. पण शत्रूच्या ताब्यातल्या शहरात सभा भरतेच कशी? त्यांनी ताबडतोब बँडवाल्याला निरोप धाडला.

विषय पहिला : शत्रूचे आगमन

शत्रू म्हणजे होमगार्डचा भुजंग. त्याची जीप वाटूर फाट्याकडून आली, तर समोर कमान : 'शत्रूसैन्याचे हार्दिक स्वागत.' तातेरावांनी त्याला शाल पांघरली.

"तात्या, आमी दुश्मन हाओत. हार काहून घालून राह्यले?"

"दुश्मन असला तरी पाव्हणाच की. तिकडं फोटोवाल्याकडं बघ. अन् ती दुपारची सभा तेवढी बंद कर."

भुजंगला जन्मात कुणी शाल दिली नव्हती. त्याने सभा बंद केली आणि तातेरावांना पदावर कायम केले.

उपसूचना

कारभारींनी तासाभरात भुजंगला दुसरी शाल पांघरली, फेटा बांधला, तलवार दिली आणि घोड्यावर बसवून गावभर मिरवणूक काढली.

"राग धरू नका तात्या," भुजंग घोड्यावरून म्हणाला, "पर त्यांची शाल बिलकुल लोकरीची हाय." तातेराव बडतर्फ झाले.

तेव्हा त्यांना देश आठवला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ते फाट्यावर गेले. आपली फौज तिथे चहा पीत होती.

"साहेब, जल्दी चला! शहर गुलामीत तडफडून राह्यलंय."

"आमची वेळ संध्याकाळची आहे," अधिकारी म्हणाले.

"मंग तवर सत्कार करून घेता का?"

शाल अंगावर पडताच संध्याकाळ दुपारीच झाली.

ऐनवेळचा विषय : स्वातंत्र्य

फौज शिरली तेव्हा कमानीवरच्या 'शत्रू'वर 'मुक्ती'चा कागद चिकटलेला होता आणि कारभारी हार घेऊन उभे होते. शहर स्वतंत्र झाल्याने सभाही कायदेशीर झाली. शत्रूचा सत्कार केल्याबद्दल तातेरावांवरचा अविश्वास ठराव मंजूर झाला.

"अन् तुमी केला तो काय व्हता?" तातेराव ओरडले.

"आमी त्याला गाफील ठेवत व्हतो," कारभारी म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

तातेराव बाहेर लोकांत आले. "सांगा की! मिरवणुकीत कोन कोन आल्तं?"

ज्याला विचारावे तो शेजारच्याकडे बघे. शेवटी ते तुमच्यापाशी थांबले. "तुमी तरी बोला."

तुम्ही घड्याळात पाहिलेत. मग हातातला हार सांभाळत नव्या नगराध्यक्षांच्या सत्काराच्या रांगेत एक पाऊल पुढे सरकलात.