सरांनी निवडलेला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या दुकानात बायकोला काठापदराची साडी नेसवून नेणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगमधले गायकवाड सर.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी स्वतःची फिल्म काढायचं ठरवलं. निर्माता नको, स्टुडिओ नको. नायिका घरचीच, म्हणजे काकू. अडलं होतं ते कॅमेऱ्यापाशी. तेव्हा नवे एचडी कॅमेरेसुद्धा कॅसेटवरच चित्रण करायचे, आणि त्यातला एकही सरांच्या मनास येत नव्हता.

त्यांच्याबरोबर मीही कॅम्पातली दुकानं पालथी घातली. काकूंना दाराशी स्टुलावर बसवायचं, अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत. दुकानदार डेमोची कॅसेट घालून चित्रण करायचा आणि सर टीव्हीला नाक लावून निकाल द्यायचे. "लाल रंग उतू जातोय." "सावलीचा चिखल झालाय." एकदा म्हणाले, "यात हिचे पांढरे केस दिसतच नाहीत."

"मग हाच घ्या," काकू म्हणाल्या.

शेवटी एका दुकानदारानं विचारलंच, "काका, तुम्ही कॅमेरा बघायला येता की काकूंना?"

"दोन्ही," सर गंभीरपणे म्हणाले. "घाई नाही."

घाई नाही, घाई नाही म्हणता वर्ष उलटलं. काकूंना तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. फिल्मचं एक दृश्यही झालं नव्हतं. मला सरांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं.

काही दिवसांनी सर दारात उभे. "कॅम्पात येता का जरा?"

प्रत्येक दुकानात ते डेमोची कॅसेट मागत होते. पण नवं गिऱ्हाईक आलं की तीच कॅसेट मागे फिरवून तिच्यावर पुन्हा चित्रण करतात. सगळीकडे काकू पुसल्या गेल्या होत्या. सरांनी सगळ्यात जास्त नावं ठेवलेल्या एका कॅमेऱ्यात तेवढ्या त्या सापडल्या. दुकानदार कॅसेट तशीच देत होता. सरांनी कॅमेराही घेतला. म्हणाले, "दुसऱ्या मशीनमध्ये अडकली तर काय करू?"

घरी येऊन त्यांनी तो टीव्हीला जोडला. सुरुवातीला कुणाचं तरी मूल हात हलवत होतं. ते संपलं आणि एकदम काकू आल्या, पदर सावरत. "अहो, किती बघाल? आता सुरू करा की." मग टीव्ही निळा पडला.



"दाराशी रहदारीचा गोंगाट, आणि दुकानात टीव्हीचा आवाज बंदच असायचा," सर म्हणाले. "ती बोलत होती, हे मला माहीतच नव्हतं."