हळू चालवा, सूट मिळवा

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांचा राग साऱ्या बाजाराला ठाऊक होता. दहा फ्रेम लावून बघून "जरा विचार करते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते नुसत्या नजरेने दुकानाबाहेर काढत. आणि अशा माणसाला मेहुण्याने गाडीच्या विम्यात पैसे वाचवायची युक्ती सांगितली.

"दाजी, फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप टाकायचं. गाडी शांतपणे चालवली, करकचून ब्रेक मारले नाहीत, की पुढच्या हप्त्यात घसघशीत सूट."

"म्हणजे मी गाडी कशी चालवतो ते आता फोन ठरवणार?"

"तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या."

हे मात्र चष्मेवाल्यांच्या वर्मी लागलं. गाडी बायकोच्या नावावर होती, म्हणून अ‍ॅप तिच्या फोनमध्ये टाकावं लागलं. रोज सकाळी तिला शाळेत सोडूनच ते दुकानात जात, त्यामुळे त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी अशी चालू लागली, जणू टपावर कोणीतरी आजारी माणूस झोपला आहे. सायकलवाले पुढे जाऊ लागले. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. चष्मेवाले दातओठ खात होते, पण पाय हलका ठेवत होते. जिभेवर आलेली प्रत्येक शिवी त्यांनी महिनाभर गिळली.

मग बायकोच्या शाळेत परीक्षा आली. ती गणित शिकवायची. त्या सकाळी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता आणि गाडी चौकात उभी होती.

"अहो, थांबलात का? हिरवा आहे."

"पिवळा होईल ना कधीतरी. मग एकदम ब्रेक मारावा लागतो. अ‍ॅप मार्क कापतं."

"तुमचे मार्क गेले खड्ड्यात. पोरं वर्गात बसलीत, पेपर माझ्यापाशी आहेत."

"मग काय, सूट घालवू?"

तिने सरळ दार उघडलं, गठ्ठा उराशी धरला आणि मागून येणाऱ्या टॅक्सीत जाऊन बसली. "जमेल तेवढी पळवा," असं तिने सांगितलं, आणि टॅक्सीवाल्याने त्यात काहीही कसर ठेवली नाही.

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला: आपल्या चालवण्यात चिंताजनक बिघाड झाला असून सूट रद्द होण्याची शक्यता आहे. चष्मेवाल्यांनी तत्काळ फोन लावला.

"अहो बाई, मी गोगलगायीच्या मागून गाडी नेतोय महिनाभर."

"सर, आज सकाळी आपण शाळेच्या गल्लीत उलट्या बाजूने घुसलात. तेही भरधाव."

"शाळेच्या गल्लीत मी आज गेलोच..." ते थबकले. समोर बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. "टॅक्सीत तुझा फोन कुठे होता?"

"पर्समध्ये. आणखी कुठे असणार?" तिने मान वर केली नाही. "सांगा ना त्यांना, बायको वैतागून भर रस्त्यात उतरली म्हणून."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "महिनाभर तोंड दाबून बसलो मी. आणि तू एका सकाळीत..."

"उद्यापासून गाडी मी चालवते," बायको म्हणाली. "नाव माझं, फोन माझा. तुम्ही शेजारी बसा."

सूट वाचली. दोन आठवड्यांत मार्क असे चढले की कंपनीने खास अभिनंदन कळवलं. चष्मेवाले शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहिले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

एके सकाळी एक पार्सलची व्हॅन दिवा न दाखवता आडवी घुसली. बायकोने गाडी अलगद हळू केली आणि तिला जागा दिली. चष्मेवाल्यांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि महिनाभर साठवलेलं सगळं, एकही शब्द न गाळता, त्या व्हॅनवाल्याला ऐकवलं. समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. अ‍ॅपला त्यातलं काहीच कळलं नाही. गाडी सावकाश थांबली, एवढंच त्याने नोंदवलं आणि वर एक मार्क दिला.

"झालं?" बायकोने विचारलं. "मग काच वर घ्या. धूळ येतेय."