उंद्रीचं वांगं आणि साखरखेर्ड्याचं वांगं

इंद्रभान मेहकरला कॉलेजात शेतीशास्त्र शिकवायचा. उंद्री आणि साखरखेर्डा इथल्या भरिताच्या वांग्यांची तुलना करणारा शोधनिबंध त्याने नुकताच पूर्ण केला होता. उंद्री त्याचं गाव, साखरखेर्डा बायकोचं माहेर. मासिकाच्या संपादकांनी कळवलं, लेखनातला पक्षपात शोधणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातून तपासूनच निबंध पाठवा.

त्याने मोठ्या उत्सुकतेने निबंध टाकला आणि पडदा लालेलाल झाला. उंद्रीच्या वांग्यापुढचं 'अस्सल' लाल, 'लोण्यासारखं' लाल. साखरखेर्ड्याच्या वांग्यापुढचं 'तथाकथित चविष्ट' तर गडद लाल. खाली निकाल : लेखकाचा कल उंद्रीकडे.

चहा घेऊन आलेली त्याची बायको मनाली तिथेच थबकली.

"तथाकथित? लग्नात तं माह्या बापाच्या घरचं भरीत मांगून मांगून खाल्लं तुमी!"

इंद्रभानने घाईघाईने विशेषणं इकडची तिकडे केली. आता कल साखरखेर्ड्याकडे! नेमक्या त्याच वेळी त्याची आई, कोकिळाबाई, डोकावल्या.

"काऊन रे, हे तू लेह्यलं का तुह्या बायकोनं?"

वैतागून त्याने सगळीच विशेषणं उडवली. पडदा हिरवागार झाला. पण निबंधात उरलं एवढंच, की दोन्ही गावांत वांगी होतात.

"हे तं मले बी मालूम हाय," आई म्हणाली.

सॉफ्टवेअर शब्दांचा कल दाखवतं, पण जिभेचा कल कसा कळायचा? हा प्रश्न इंद्रभानला सोडेना. रविवारी त्याने दोन्हीकडची वांगी आणून स्वतः भाजली. दोन प्रकारचं भरीत, एकसारख्या वाट्या, तळाला गावाच्या नावाची चिठ्ठी. सासू-सुना परीक्षक.

"हे आमच्याकडचंच," पहिली वाटी संपवत मनाली म्हणाली. "डोये मिटून सांगते."

कोकिळाबाईंनी दुसरी वाटी बोटाने निपटली. "उंद्रीच्या मातीची चव कुठी लपते का?"

इंद्रभानने वाट्या उलट्या केल्या. पहिलं भरीत उंद्रीचं, दुसरं साखरखेर्ड्याचं.

दोघींनी वाकून चिठ्ठ्या वाचल्या.

"चिठ्ठ्या बदलल्या तुमी," मनाली म्हणाली.

"हाव वं, बदलल्याच यानं!" लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाईंना सुनेचं पटलं होतं.

इंद्रभानने घडलं ते तसंच लिहिलं : चाखणाऱ्यांना गाव ओळखता आलं नाही. सॉफ्टवेअरला पक्षपात सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला निघाला, तर मनालीने फाटकाशी गाठलं. "उंद्रीहून त्या वांग्याचं थोडं बियानं आनजा ना. माहेरी पाठवते. पन सासूबाईले सांगू नका."

गाडी सुरू करणार, तोच आईने खिडकीतून हळूच खुणावलं.

"साखरखेर्ड्याले कधी जाऊन राह्यला रे? त्या वांग्याचं बियानं घेऊन येजो. मनालीले नोको सांगू मात्र."