अळणी मोसम

केशव देशकर पहिला सामना हरून घरी आला, तेव्हा ताटातल्या वरणात मीठ नव्हतं. पहिल्या घासाला त्याला वाटलं, हरलेल्या माणसाच्या तोंडाला चवच राहत नसेल. दुसऱ्या घासाला त्याने बायकोकडे पाहिलं. गार्गीने डोळ्यांनीच सासूकडे खूण केली.

"आई, वरणात मीठ नाही टाकलं काहून?"

"राहिलं वाटते," ताराबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं इतकं हळू, की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे. "आजपासून मी मीठ सोडलं ना. चाखून पाहता येत नाही."

"सोडलं? कशासाठी?"

"संकल्प आहे."

"कशाचा संकल्प?"

"तो असा ताटावर सांगायचा नसतो, बाळा. सांगितला की फळ जाते."

सांगायची गरज तरी कुठे होती? त्याच दिवशी डार्ट्स लीग सुरू झाली होती. नागपूर, रायपूर, अमरावतीकडचे निवडक खेळाडू, सक्करदऱ्याच्या हॉलमध्ये दर रविवारी सामने, आणि त्यात केशवचं नाव. त्यासाठी त्याने पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीवरून बिनपगारी रजा घेतली होती. रजेचा अर्ज पाहून साहेबांनी विचारलं होतं, "डार्ट्स म्हणजे ते जत्रेत फुगे फोडतात ते?" केशवने मान खाली घालून "तसंच काही," म्हटलं होतं.

"तुमच्यासाठीच करून राहिल्या त्या," गार्गी स्वयंपाकघरात कुजबुजली. "तुम्ही जिंकेपर्यंत मीठ नाही खाणार. आता जिंका म्हणजे झालं."

पुढच्या रविवारी केशव आईच्या पाया पडून गेला आणि पुन्हा हरला.

डार्ट्सचा खेळ दिसतो तितका सोपा नाही. पाचशे एकपासून उलटं मोजत शून्यावर यायचं, आणि शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या त्या बारीक दुहेरी पट्टीतच बसला पाहिजे. केशव खाली येईपर्यंत झकास यायचा. पट्टीवर नेम धरला की मात्र त्याला बोर्डाच्या जागी आईचं ताट दिसायचं. बिनमिठाची भाकर, बिनमिठाची भाजी, आणि त्यापुढे डोळे मिटून बसलेली आई. मग हात गळायचा आणि डार्ट ठरल्या जागेच्या खाली जाऊन रुतायचा.

तो हरून आला की ताराबाई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. "हरला का? असू दे. देव पाहून राहिला आहे." आवाजात ना राग, ना दुःख. ती शांतता केशवला शिव्यांपेक्षा जड जायची.

सगळं घर हळूहळू अळणी झालं. रांधणं ताराबाईंकडे आणि चाखणं बंद, त्यामुळे भाजीत कधी मीठ नसायचं, तर कधी चुकून दोनदा पडायचं. त्यात लीगचा खर्च एका पापडवाल्या कंपनीने उचललेला. हरलेल्यालाही दर आठवड्याला पापडांचा गठ्ठा मिळायचा. आईच्या नजरेसमोर पापड भाजायची कोणाची छाती होईना. गठ्ठे पलंगाखाली साठत गेले आणि शेवटी उंदरांनी संपवले. उंदीर मेले, पण ते खारट खाऊन का गार्गीने ठेवलेल्या गोळ्यांनी, हे कळलं नाही.

"अहो, शेंदेलोण तरी चालते ना उपासाला?" गार्गीने एकदा सासूला विचारलं.

"ती पळवाट झाली वं," ताराबाई म्हणाल्या. "देवाला पळवाटा दिसत नाहीत असं थोडंच आहे."

गल्लीतल्या बायकांच्या कानावर गोष्ट गेली. मग केशवला रस्त्याने चालणं कठीण झालं. भाजीच्या गाडीवर एक बाई दुसरीला म्हणाली, "हाच तो. आईले मीठ खाऊ देऊन नाही राहिला." देवळाच्या पुजाऱ्याने हातावर प्रसाद ठेवताना एवढंच विचारलं, "या रविवारी तरी?" लीगचा नियमही कडक होता: मोसमात ज्याला एकही सामना जिंकता येणार नाही, त्याचं नाव लीगमधून कायमचं जाणार. पण त्या नियमाची केशवला आता भीती वाटत नव्हती. एक सामना हवा होता, फक्त आईच्या घासासाठी.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि ताराबाईंच्या बोलण्यात फरक पडू लागला. त्या गार्गीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. एका सकाळी केशव सराव करायला उठला, तर त्याच्या बोर्डावर हळदकुंकू वाहिलेलं, मधल्या लाल ठिपक्यावर फूल डकवलेलं, आणि आई निरांजन ओवाळत उभी.

"आई, काय करून राहिली?"

"सूर्यनारायण आज किती खाली आले बघ," त्या म्हणाल्या आणि निरांजनासकट खाली बसल्या. गार्गीने निरांजन झेललं. केशवने आईला.

दवाखान्यात डॉक्टर हिमानींनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. "या वयात, या उन्हात, मीठ पूर्ण बंद? शरीरातलं मीठ धोक्याच्या पातळीखाली गेलंय. आणखी दोन दिवस उशीर केला असता तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही. सलाईन लावा."

सलाईनने ताराबाई जरा भानावर आल्या. भानावर आल्याबरोबर त्यांनी नर्सला विचारलं, "बाई, या बाटलीत काय आहे?"

"मिठाचं पाणी आहे आजी."

ताराबाईंनी दुसऱ्या हाताने शांतपणे सुई उपसून काढली.

पुन्हा लावली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा डॉक्टर हिमानी केशववर ओरडल्या, "आई हवी आहे की नाही तुम्हाला?" केशवने घाबरून घरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "त्यात काय! व्रत करणाऱ्याला झेपेनासं झालं तर घरातल्या दुसऱ्याने ते पुढे चालवावं. पाणी सोडून घ्यायचं, आणि शेवटास न्यायचं. दोष नाही."

केशवने खाटेशेजारच्या पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं. ताराबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सगळा घेशील? जसा आहे तसा?"

"हाव आई. जसा असेल तसा."

"नीट विचार कर, केशव. मागून टाकता नाही यायचं."

"त्यात काय विचार करायचा वं! तू आधी सुई लावू दे!"

त्याने पाणी सोडलं. ताराबाईंनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. त्या दिवसापासून ताराबाई मीठ खाऊ लागल्या आणि केशवचं बंद झालं.

आता त्याची दशा पूर्वीहून वाईट झाली. आधी नुसतं मन खचलेलं होतं, आता शरीरही गेलं. ऊन, घाम आणि अळणी जेवण. पायात गोळे यायचे, बोटं डार्टभोवती वळून बसायची आणि उघडायचीच नाहीत. एका सामन्यात पंचाने येऊन त्याच्या मुठीतून डार्ट सोडवून घेतला. समोरचा खेळाडू टाळ्या वाजवाव्या की नाही या विचारात उभा राहिला.

शेवटच्या रविवारी गाठ पडली ती उमरेडच्या प्रेमानंद गोंडाणेशी. प्रेमानंद तक्त्यात सगळ्यात वर. हा सामना जिंकला की चषक त्याचा, हरला तर रायपूरच्या माणसाचा. दर रविवारी एसटीने येणारा, बाटलीत ताक घेऊन फिरणारा दिलदार माणूस. मिठाची गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. तो केशवला हॉलच्या मागे घेऊन गेला.

"काय बे, तोंड पाहिलं का आरशात? मयताले चाललेला माणूस बरा दिसते."

"बरा आहे मी."

"बरा आहे म्हंते! तुले पाहून मले जेवण जाऊन नाही राहिलं गा. ऐक, आज मी हारतो."

"पागल झाला का? चषक आहे तुझा!"

"चषकात काय वरण शिजवून खाऊ? तू जिंक, घरी जा, मीठ खा. पाप लागलं तर मले लागू दे."

केशव नको म्हणणार होता, पण तेवढ्यात त्याच्या पोटरीत गोळा आला आणि नको म्हणायचं राहून गेलं.

पण सवय झालेल्या हाताला चुकायला लावणं फार अवघड. प्रेमानंदने भलतीकडे पाहून डार्ट फेकला, तो जाऊन सगळ्यात मोठ्या गुणांच्या घरात बसला. लोक ओरडले. त्याने कपाळावर हात मारला. लोकांना वाटलं, नम्रता! तो भराभर खाली येत गेला आणि पट्टीजवळ येऊन मग हरेक डार्ट शेजारच्या घरात मारत बसला. इकडे केशव सरपटत सरपटत सहावर आला. म्हणजे आता दुहेरी तीन. ते घर बोर्डाच्या अगदी तळाला. मोसमभर केशवचा डार्ट नको असताना खालीच गेला होता. त्याने नेम धरला, बोटांत गोळा आला, हात लुळा पडला, डार्ट पिकल्या पानासारखा घसरत गेला आणि नेमका त्या पट्टीत रुतला.

हॉलमध्ये क्षणभर कोणाला खरं वाटेना. मग प्रेमानंदच नाचू लागला. हरलेला माणूस असा नाचताना लोकांनी पहिल्यांदाच पाहिला.

दोघं सरळ घरी आले. वाटेतूनच निरोप मिळाल्यामुळे गार्गीने वडाभात केला होता. ताराबाईंच्या गालांवर आता रंग परतला होता. केशव त्यांच्या पाया पडला.

"आई, जिंकलो! नाव राहिलं लीगमध्ये. पुढच्या मोसमातही आहे मी!"

ताराबाईंचा हात त्याच्या डोक्यावर यायचा, तो मध्येच थांबला.

"राहिलं?" त्या म्हणाल्या.

"हाव! वाढ वं गार्गी, भरपूर मीठ घालून!"

"थांब, गार्गी," ताराबाई हळूच म्हणाल्या. "संकल्प कुठे पुरा झाला?"

"जिंकलो ना आई!"

"मी जिंकण्याचा संकल्प नव्हता धरला, बाळा. तुझा हा खेळ सुटावा आणि तू परत ऑफिसात रुजू व्हावं, तोवर मीठ नाही, असा होता." त्यांचे डोळे भरून आले. "दुसऱ्याचं व्रत पुढे घेणाऱ्याला संकल्प सांगता येते. पण तू विचारलंच नाही. जसा असेल तसा, म्हणाला."

पहिल्यांदा हिशेब लागला तो प्रेमानंदला.

"काकू," तो अडखळत म्हणाला, "म्हंजे आज हा हारला असता, तं याचं नाव लीगमधून गेलं असतं?"

"हो."

"खेळ सुटला असता. अन् हा उद्यापासून ऑफिसात गेला असता, मीठ खाल्लं असतं."

"देवाच्या मनात तसंच होतं वाटते," ताराबाई म्हणाल्या. "मोसमभर जुळवत आणलं होतं त्याने."

प्रेमानंदने केशवकडे पाहिलं. केशवने खिशातले डार्ट मुठीत घट्ट धरले आणि ताट पुढे ओढलं. गार्गीने त्याच्यासाठी वेगळा, पांढराफटक भात आणून वाढला.

सगळे जेवायला बसले. चार घास झाल्यावर प्रेमानंद चोरट्या आवाजात म्हणाला, "काकू, माफ करा, पण भातात जरा कमीच आहे."

ताराबाईंनी मिठाची वाटी उचलली. ती केशवच्या ताटावरून प्रेमानंदकडे नेताना, एक कणही खाली पडू नये म्हणून त्यांनी वाटीखाली दुसरा तळहात धरला.