शंभर टक्के जागरूक गल्ली

मुलांनो, डोळे मिटा आणि जपानमधल्या एका छोट्या गावातली अकरा घरांची गल्ली डोळ्यांपुढे आणा. तिथे सूचना आली की ती एका फळीला लावून घरोघर फिरवतात. वाचायची, कुटुंबप्रमुखाचा शिक्का मारायचा, फळी शेजारी पोचवायची. शिक्का पडला की त्या घराला समजलं, असं समजायचं.

नोव्हेंबरात फळीवर आलं: स्त्रियांवरील हिंसेबाबत साऱ्या जगाला जागं करण्याचा पंधरवडा. प्रत्येकाने जांभळी फीत लावावी. सर्व शिक्के जमल्यास गल्लीचा फोटो परदेशातल्या परिषदेत झळकेल.

नऊ वर्षांची चिहो फळी घेऊन शेजारच्या किरितानींकडे गेली. त्या घरातून रोज संध्याकाळी भांडी फुटल्याचा आवाज येई आणि नेमके तेव्हाच गल्लीतले सगळे टीव्ही मोठे होत. काकूंनी दार उघडलं. त्यांचा एक डोळा सुजून मिटला होता.

"काकू, काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं गं."

"मागच्या आठवड्यातही कपाटच होतं!"

काकूंनी मागे वळून पाहिलं आणि पुटपुटल्या, "कुणाला तरी सांग ना, चिहो. माझ्याच्याने नाही होत."

चिहो धावत गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे, ओनोदेरा आजोबांकडे गेली. "आजोबा, किरितानी काका काकूंना मारतात. डोळा जांभळा झालाय त्यांचा."

"जांभळा?" आजोबांनी चष्मा पुसला. "रंग मोहिमेला धरून आहे. पण बाळ, हा पंधरवडा जागृतीचा. तक्रारीला वेगळा अर्ज असतो."

"मग तो द्या."

"त्यावर कुटुंबप्रमुखाचा शिक्का लागतो."

"म्हणजे मारणाऱ्या काकांचाच?"

"नियम सगळ्यांना सारखा. शिवाय आत्ता तक्रार आली, तर इतक्या जागरूक गल्लीत हिंसा कशी, असं परिषदेतले पाहुणे विचारतील. तूच सांग, काय उत्तर द्यायचं?"

किरितानी काकांनी शिक्का मारला, अगदी ठळक. फोटोच्या दिवशी, ते उंच म्हणून मोहिमेचा फलक त्यांच्याच हाती दिला गेला. काकूंना मागच्या रांगेत जागा मिळाली आणि थंडीचं निमित्त सांगून त्यांची टोपी डोळ्यांवर ओढण्यात आली. 'बालमनाची हाक' हे भाषण मंडळाने लिहून चिहोच्या हातात ठेवलं.

चिहो माइकपुढे आली. तिने कागदाची घडी करून खिशात घातली.

"काल संध्याकाळी किरितानींच्या घरातला आवाज ज्यांनी ऐकला, त्यांनी हात वर करा."

अकराही घरं आपापल्या फिती नीट करू लागली. चिहोचे बाबा ढग न्याहाळू लागले.

"अगं, लिहिलंय तेवढंच वाच!" आजोबा कुजबुजले.

"सगळ्यांनी जरा हसा!" फोटोवाला म्हणाला.

मुलांनो, आवाज तर एव्हाना तुम्हीही ऐकलाय. तुमचा हात कुठे आहे?

चिहोने स्वतःचा हात वर केला. मग ती मागच्या रांगेत गेली, काकूंपुढे तोच हात धरला, आणि काकूंनी तो घट्ट पकडताच त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत शिरली.