बाप जागेवर आढळला

आमचं गाव पाच वर्षं परदेशात होतं. बत्तंबंगजवळच्या ओढ्याकाठून तसूभरही न हलता ते सयामला गेलं आणि महायुद्ध संपल्यावर तसंच बसल्या जागी फ्रेंचांच्या कंबोडियात परत आलं.

सयामी अंमलात टोपीशिवाय कचेरीत शिरायला मनाई होती. टोपी म्हणजे सुधारणा. गावात टोपी एकच होती आणि ती कचेरीच्या दारातल्या खिळ्याला टांगलेली असे. आत जाणारा घटकाभर सुधारायचा आणि बाहेर येताना टोपी टांगून घरी जायचा. छोमने तीच घालून लेकीचा, कोलापचा, जन्म नोंदवला. कारकून सारिनने लिहिलं, ‘बापाची ओळखीची खूण : टोपी.’

आता झेंडा बदलला, कारकून तोच राहिला. नवा हुकूम असा : मधल्या काळात जन्मलेली मुलं परदेशात जन्मली. बापाची खूण पटली तर ठेवावीत, नाहीतर जन्मदेशी, म्हणजे सयामला, पाठवावीत.

छोम टोपी घालून धावला.

“टोपी काढ. फ्रेंच साहेबाच्या कचेरीत टोपी चालत नाही,” सारिन म्हणाला.

छोमने काढली.

“आता खूण पटत नाही.”

“सारिनदादा, अरे, काल आपण एकत्र मासे धरले!”

“ते खाजगीत.”

चार वर्षांच्या कोलापने बापाचा हात घट्ट धरला. “बा, मला कुठे पाठवणार?” मागे नुओनआजी उभी होती, गावची सुईण. सयामींची पानसुपारीवरची बंदी उठल्यापासून तिच्या गालात सदैव विडा. ती सारिनवर कडाडली, “मेल्या, तुझी नाळ मी कापली! तेव्हा होती का तुझ्या डोक्यावर टोपी?”

सारिन वरमला. शेवटी माणूसच तो. पण कारकूनही होता, म्हणून त्याने कायद्यातूनच वाट काढली. टोपी पुन्हा खिळ्याला टांगली, बाहेर येऊन नीट तपासली आणि शेरा मारला, ‘बाप जागेवर आढळला.’

कोलाप वाचली. मग नोंदवहीतल्या उरलेल्या एक्केचाळीस मुलांच्या बापांचीही खूण तीच निघाली, तीही वाचली. मात्र दर महिन्याला तपासणी ठरली. बाप जागेवर नसेल त्या दिवशी सगळी मुलं सयामला.

तेव्हापासून सगळं गाव येता-जाता त्या टोपीला हात जोडतं. वारा सुटला की छोम जेवण टाकून कचेरीकडे पळतो.

हसताय? खुशाल हसा. फक्त घरी गेल्यावर तुमच्या कागदांवर तुमची खूण काय लिहिली आहे ते एकदा बघा, आणि ती टांगलेला खिळा ढिला झालेला नाही ना, तेही.